आमगाव ते तिरोडा, बैलगाडीने

काल तुमची तेरवी झाली. पंगत उठली, पाहुणे आपापल्या वाटेने गेले. तिरोड्याच्या बाई, तुमच्या थोरल्या बहीण, तेवढ्या राहिल्या आहेत. तुम्ही असताना मी तुमच्यासमोर चार वाक्यं सलग कधी बोलले नाही. आता बोलते आहे, तेही कागदावर, कारण तोंडाने मला अजून नीट जमत नाही. काल एकदा जमलं, आज सकाळी एकदा. ते सांगते, पण आधी त्याच्या मागचं सांगायला हवं.

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलून जात होती. पहिल्यांदा शेजारची रखमाबाई बोलली. दारापुढच्या सपरीत बसून, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोटी लेकरू नाही, म्हनून बिचाऱ्यानं कुत्र्यालेच लेकरावानी पोसलं. लई मायाळू मानूस." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. मी मान खाली घालून ऐकत होते. तुमच्या रिकाम्या खाटेखाली भुऱ्या पडून होता. त्याच्याकडे बोट दाखवून त्या बोलायच्या आणि तो कान हलवायचा.

लेकरू नाही म्हणून कुत्र्याला जीव लावला. गावाने हे इतकं घट्ट धरलं आहे की तुम्हीसुद्धा ते ऐकून गप्प राहायचात. पण ते तसं नव्हतं. आपल्या घरात ते माहीत होतं, आणि बाईंना.

हा भुऱ्या तिसरा. मी लग्न होऊन दवनीवाड्याहून आमगावला आले तेव्हा पहिला भुऱ्या तुमच्या पायाशी उभा होता. अंगाने भुरकट, एक कान पडलेला. घरात सासूबाई आणि तुमचे थोरले भाऊ, दादा; तुम्ही घरचे लहान्या. मोठ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही ही घरची रीत. तेव्हा तुम्ही कुत्र्याशी बोलायचात. "भुऱ्या, तिले सांग, आज भाजी चांगली झाली." "भुऱ्या, बाजारात चाललो, तिले बांगड्या पाहिजे का विचार." सासूबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "आता त्या कुत्र्याले उत्तर द्यायलेबी शिकव, म्हंजे सून राहिली नाही तरी चालते." दादा हसायचे. मी पदराआड हसायचे. तुमचं माझ्याशी जे काही गोड बोलणं झालं, ते सगळं त्या कुत्र्याच्या कानातून आलं. ते मी नाकारत नाही.

उन्हाळा तुमचा लाडका. धान घरात आलेलं, शेतं मोकळी. ऊन चढायच्या आत तुम्ही भुऱ्याला घेऊन तलावावर जायचात. तो पाण्यात पडला की तासभर निघत नसे. येताना धोतराच्या सोग्यात तेंदूची पिवळी फळं, कधी चारोळीची चारं. एकदा मी अंगणात लुगडं वाळत घालत होते आणि तो ओला कुत्रा येऊन माझ्याजवळच अंग झाडू लागला. धुतलेलं लुगडं चिखलाने भरलं. मी ओरडायचं सोडून मोठ्याने हसले. तुम्ही दारात होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे बघितलं. भर उजेडात आपण एकमेकांना बघितल्याची ती पहिली वेळ. हेही मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं इतकं लागलं नसतं.

त्याच्या पुढच्या वैशाखात तिरोड्याला बाईंच्या लेकीचं लग्न निघालं. तुम्ही मामा, तुम्हाला जाणं भाग होतं. मला पाचवा महिना लागला होता. आमगावला रेल्वेत बसायचं, गोंदिया मागे टाकायचं आणि तिरोड्याला उतरायचं, इतकं सोपं. पण भुऱ्याचं काय? त्या उन्हाळ्यात गावात बिबट शिरत होता आणि कुत्री उचलत होता. भुऱ्याला मागे ठेवायला तुमचा जीव होईना. तुम्ही स्टेशनवर चौकशीला गेलात. तिथला बाबू म्हणाला, "कुत्ते का टिकट अलग लगेगा, और वो गार्ड के डिब्बे में पेटी में जाएगा." तुम्ही उन्हात उभ्या असलेल्या डब्याच्या पत्र्याला हात लावून पाहिलात. घरी येऊन तो लाल झालेला तळवा सासूबाईंना दाखवलात.

"पाहून घे माय. याच्यात भुऱ्याले ठेवू? भाजून मरन तो."

"मंग?"

"गाडीनं जातो. दादा बैल हाकते."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "अरे, पोरीचा पाचवा महिना चालू हाय. गाडीचे हिसके सोसतीन का तिले? तिले रेल्वेनं धाड. तू कुत्रं घेऊन गाडीनं ये."

दादा म्हणाले, "बाईमानूस एकटी रेल्वेत बसन? लोक का म्हनतील?"

"तर लहान्याले जाऊ दे तिच्यासंगं. कुत्रं तू आन."

"मायासंगं तो येते का? लहान्याबिगर तो पानीबी पीत नाही."

मग तुम्ही म्हणालात, "तिले काही होत असन तर ती सांगन ना. काऊन भुऱ्या, सांगन ना ती?"

मी दाराआड होते. तुम्ही कुत्र्याला विचारलंत. मला नाही. आणि मी कोणाला सांगणार होते? ज्या दादांच्या पुढे मी कधी तोंड उघडलं नाही, ते गाडी हाकणार. तुमच्याशी बोलायचं तर ते समोर. हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही.

प्रवासाची तयारी तुम्ही जशी केलीत, तशी गावात कोणी माणसासाठी करत नाही. गाडीच्या तळाशी, दोन चाकांच्या मधे, सावलीत, पोत्याची झोळी बांधलीत. वरच्या फळ्या तापतात, खालची जमीन तापते, मधे लटकत्या झोळीत वारा लागतो असं तुमचं म्हणणं. झोळीवर टाकायला एक पोतं वेगळं, ते दर थोड्या वेळाने भिजवायचं. पाण्याचा मोठा माठ गवतात बसवला. निघायच्या आधी भुऱ्याला पोटभर खाऊ घातलं नाही, हिसक्याने ओकतो म्हणून. मला सासूबाईंनी जबरदस्तीने भाकर खाऊ घातली. ती मी वाटेत ओकले.

उजाडता उजाडता निघालो तेव्हा बरं वाटलं. मोहाच्या झाडाखाली बाया फुलं वेचत होत्या. तुम्ही गाडीबरोबर पायी चालत होतात आणि भुऱ्याला काहीबाही सांगत होतात. मग ऊन चढलं. गाडी थांबली की तुम्ही आधी हाताची उलटी बाजू रस्त्याच्या मातीला लावायचात. तुमच्या हाताला सोसली, तरच भुऱ्याला खाली घ्यायचं, नाहीतर उचलून गवतात न्यायचं. गावाची शीव आली की त्याला दोरी बांधायची, तिथली कुत्री अंगावर येतात म्हणून. तलाव लागला तिथे तुम्ही काठचा ओला गाळ त्याच्या पायांना आणि पोटाला फासलात. त्याला पाणी एकदम पाजायचं नाही, ओंजळीने थोडं, मग थांबून थोडं. हे सगळं मी बघत होते. दुसरं करायला काही नव्हतं.

गाडी कधी थांबायची? भुऱ्याची जीभ बाहेर लोंबली की. मला कळ आली म्हणून गाडी थांबत नव्हती, कारण ते कोणाला माहीतच नव्हतं. दादा हाकायला बसलेले, माझी त्यांच्याकडे पाठ, पदर हनुवटीपर्यंत. म्हणून मी फळीच्या फटीतून खाली झोळीत बघत बसले. त्याची जीभ बाहेर येते का, धाप लागते का. आली, की मला बरं वाटायचं. आता थांबतील. नवरा कुत्र्याची धाप बघतोय आणि बायको त्याच धापेची वाट बघतेय, असा संसार आपण त्या दिवशी केला.

पाणी आधी भुऱ्याला, मग बैलांना, मग दादांना, मग तुम्ही, मग माठ माझ्याकडे. दादा समोर बसलेले असत. पदर वर करून प्यायचं कसं? ओठ ओले केले आणि माठ ठेवला. तुम्ही म्हणालात, "भुऱ्या, तिले तहान नाही का?" आणि माझं उत्तर यायच्या आत पोतं भिजवायला वळलात.

गोंदियाच्या अलीकडे ओळखीच्या घरी मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमराईत थांबलो तेव्हा पोटातली कळ कमरेत गेली. भुऱ्या झोळीत राहीना. तो माझ्याजवळ यायचा, लुगड्याला नाक लावायचा, कुंई कुंई करायचा, परत तुमच्याकडे जायचा. तुम्हाला वाटलं त्याला ऊन लागलं. तुम्ही त्याला धरून झाडाखाली निजवलंत आणि टॉवेलने वारा घातलात. तो मान उचलून माझ्याकडेच बघत होता. एवढं तुमचं भुऱ्यावर लक्ष, पण तो कुठे बघतोय ते तुम्ही पाहिलं नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला आजही माफ केलेलं नाही.

तिरोड्याला पोचलो. मांडवात सगळ्यांनी कौतुक केलं, एवढ्या उन्हात मामाने कुत्रा कसा सुखरूप आणला! बाईंच्या सासऱ्यांनी भुऱ्याच्या पायाचे तळवे उलटे करून पाहिले. एक फोड नव्हता.

मला बाईंनी मागच्या खोलीत नेलं. बाहेर वाजंत्री वाजत होती. सुईण आली. तिने माझ्या तोंडात लुगड्याचा बोळा दिला, आवाज मांडवात जाऊ नये म्हणून. पुढचं मला तुकड्या तुकड्याने आठवतं. बाईंचा शालू, त्यांच्या हाताची हळद, त्यांचं कानाशी बोलणं, "कवसा, माय माजी, कोनाले सांगू नोको. लग्नघर हाय. अपशकून होईन पोरीले." मी मान हलवली. कपड्यात गुंडाळून काहीतरी बाहेर नेलं गेलं. मला कोणी दाखवलं नाही. तुम्ही त्या दिवशी मामा म्हणून भाचीला मांडवात उभं केलंत, हे मला नंतर कळलं. मला ताप आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं.

भाचीला अपशकून नको म्हणून तेव्हा सांगितलं नाही, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. परतलो ते रेल्वेने. भुऱ्याला घेऊन दादा गाडीने आले. मागून माझी कूस कधी भरली नाही. दिवस गेल्याचं घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून गावाला वाटलं, हिला दिवस गेलेच नाहीत. सासूबाईंना तर माहीत होतं. त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कोनाच्या हातात हाय ते?" त्या वाक्याशी मी इतकी वर्षं भांडते आहे. देवाच्या हातात असलेल्या गोष्टी पुष्कळ असतील. गाडी तुमच्या हातात होती.

महिनाभर मी खाटेवर होते. विटाळ म्हणून, अशक्त म्हणून कोणी जवळ येत नसे. भुऱ्या यायचा. मी त्याला एकदा लाथ मारली. तो गेला नाही, दारात जाऊन बसला आणि थोड्या वेळाने परत आला. त्याच्यावर मला राग धरता आला नाही. त्याने कुठे मागितली होती झोळी? मग मी त्यालाच जवळ घेतलं. गाव म्हणतं कुत्र्याला लेकरासारखं केलं, ते माझ्याबाबतीत खरं असेल.

मी वाट बघत होते की तुम्ही भुऱ्याला तरी सांगाल. "भुऱ्या, तिले सांग..." एवढं म्हणाल आणि पुढे काहीतरी येईल. मीठ, बांगड्या, बाजार, सगळं येत राहिलं. हे आलं नाही. एकदाच, कितीतरी वर्षांनी, तुम्ही सपरीत बसून त्याच्या कानामागे खाजवत म्हणालात, "भुऱ्या, रेल्वेनं गेलो असतो तर..." आणि थांबलात. मी सुपात तांदूळ पाखडत होते. सूप थांबवलं. तुम्ही उठून बैलांकडे गेलात.

सासूबाईंनी दुसरी बायको कर म्हणून तुमच्यामागे किती टुमणं लावलं, ते मी ऐकलं आहे. तुम्ही म्हणालात, "घरात हाय ते पुरे हाय मले." दोनदा पोरी दाखवायला आणल्या, दोन्ही वेळा तुम्ही भुऱ्याला घेऊन तलावावर निघून गेलात. दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. त्यासाठी मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं, पण तुम्ही ते का केलंत ते सांगितलं असतं तर. माझ्यासाठी केलंत, की स्वतःला शिक्षा म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

दर वैशाखात तुम्ही तिरोड्याला जायचात. एकटे, रेल्वेने. निघताना म्हणायचात, "भुऱ्याले सांभाळजो. दुपारी बाहेर सोडू नोको." उन्हात कुत्रा न्यायचा नाही हे तुम्ही त्या एका प्रवासात शिकलात, असं मला वाटायचं, आणि माझ्या मनात कडू यायचं. मला कधी नेलं नाहीत. मीही कधी म्हटलं नाही. त्या मागच्या खोलीचं दार मला बघायचं नव्हतं.

आता कालचं. जेवणं झाल्यावर बाया सपरीत बसल्या होत्या. भुऱ्याला कोणीतरी पुरी टाकली, त्याने हुंगली आणि तशीच ठेवली. बाई म्हणाल्या, "पाहा, जेवत नाही तो. भावानं जीव लावला होता. का करन बिचारा, पोटी लेकरू नव्हतं त्याच्या."

रखमाबाई बोलते तेव्हा ती अजाण असते. बाई अजाण नव्हत्या. त्या लग्नातली त्यांच्या हाताची हळद मला पुन्हा दिसली. मी पदर मागे घेतला. माझा आवाज कसा निघाला मला ठाऊक नाही.

"होतं बाई. लेकरू होतं. तुमच्या घरी गेलं ते."

रखमाबाई म्हणाली, "अवं का बोलून राहिली ही? दुखानं डोकं फिरलं का?"

"तुमच्याच मागच्या खोलीत, बाई. तुमच्या लेकीच्या लग्नात. सांगा ना सगळ्यांले."

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "लग्न होतं वं घरी. म्या का करू?" आणि रडू लागल्या. बाया एकेक करून उठल्या. शेवटी आम्ही दोघीच उरलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगी होती, कवसा."

मला हे काल कळलं. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.

मी विचारलं, कोणी नेलं तिला? त्या म्हणाल्या, "त्यानंच. माया पोरीले मांडवात उभं केलं अन् मागच्या दारानं आला. लग्नाच्या धोतरातच नेलं. तलावाच्या पाळीवर मोठं मोहाचं झाड हाय, त्याच्या बुडाशी. दरसाल कायले येत होता मंग तो? मले भेटाले? रेल्वेतून उतरला की आधी तिथं जाये. मंग घरी."

हे सांगताना बाईंना वाटलं, माझं मन निवेल. माझं मन पेटलं. तुम्ही तिला हातात धरलंत. तुम्ही तिचं तोंड बघितलंत. दर वर्षी तिच्यापाशी बसायला तुमच्याजवळ जागा होती, आणि मी इथे तुमच्या कुत्र्याला दुपारी आत घेत होते. रडायचं ते तुम्ही एकट्याने रडलात. त्यातलं अर्धं माझं होतं. तुम्ही दगड नव्हतात, हे कळून मला बरं वाटायला हवं. दगड असतात तर सोपं गेलं असतं.

आज सकाळी मी बाईंना म्हटलं, मला जागा दाखवा. त्या म्हणाल्या, पावसाळा लागू दे, अजून महिना भरला नाही, विधवेने घराबाहेर पडायचं म्हणजे... मी ऐकलं नाही. दादा अंगणात दोर वळत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"दादा, उद्याच्या रेल्वेनं मी बाईंसंगं तिरोड्याले जाऊन राहिली."

त्यांनी मान वर केली. त्यांना मी बोलते आहे हेच आधी समजलं नाही. मग म्हणाले, "लोक का म्हनतील?"

"म्हनतील ते म्हनतील."

"अन् भुऱ्या?"

"तो इथं राहीन. या उन्हात त्याले नेत नाही. दुपारी आत घेजा. पानी एकदम पाजू नोका, थोडं थोडं पाजजा."

हे तुम्हीच शिकवलंत. तेवढं मी तुमचं घेतलं आहे आणि ते टाकणार नाही.

दादांनी दोर खाली ठेवला. म्हणाले, "तुले सोसन का वं? लई ऊन हाय."

हा प्रश्न या घरात मला आज पहिल्यांदा कोणी विचारला. मी आत आले.

लुगडं बांधून ठेवलं आहे. बाई झोपल्या आहेत. तुमच्यासाठी जात नाही, हे लिहून ठेवते. तुमच्या नावाने तिथे काही करणार नाही. तुम्ही इतकी वर्षं तिच्याशी काय बोललात मला माहीत नाही, तिला नाव दिलंत की नाही तेही माहीत नाही. दिलं असेल तर ते तुम्ही तुमच्याबरोबर नेलंत. मी उद्या तिला दुसरं देईन, आणि तुम्हाला सांगणार नाही.